लेकीच्या डोक्यातला व्हॉल्व्ह

(आकाशवाणीवर सादर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

राहुरी तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या मोटारी दुरुस्त करणं हा माझा धंदा. भाषणाची मला सवय नाही. चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायला उभा राहिलो तरी हातातला कागद थरथरतो. पण तुमच्या मुलीच्या आजाराबद्दल बोलाल का, असं इथून विचारणं आलं, तेव्हा बायको म्हणाली, "जा तुम्ही. आपल्याला त्या वेळी कोणी सरळ भाषेत चार गोष्टी सांगितल्या असत्या, तर किती बरं झालं असतं." म्हणून आलो.

आजाराचं नाव जलशीर्ष. डॉक्टर त्याला हायड्रोसिफॅलस म्हणतात आणि गावात म्हणतात, डोक्यात पाणी झालंय. हे पाणी बाहेरून येत नाही. ते तुमच्या-माझ्या डोक्यातही आहे. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात आणि तिथं पाण्यासारखा स्वच्छ द्रव सारखा तयार होत असतो. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर. तो पोकळ्यांतून वाहत बाहेर येतो, मेंदूभोवती आणि मणक्यातून फिरतो आणि शेवटी रक्तात जिरतो. एका वेळी मात्र दीडशे मिलिलिटरच्या आसपासच असतो, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं. आमच्या मुलीच्या तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीमधली बारीक वाट जन्मतःच अरुंद होती. वरून पाणी येणं चालू, पुढं जाणं बंद. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे मोकळे असतात, त्यामुळं आतला दाब वाढला की डोकंच वाढत जातं.

कारणं आणखीही आहेत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होतो, कोणाला मेंदूज्वर होतो, त्यात क्षयाचाही असतो, कोणाचा मणका जन्मतः उघडा राहिलेला असतो. या शेवटच्या प्रकाराचा धोका फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीनं बराच कमी होतो, पण ती दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायला हवी. आमच्या मुलीचा मणका चांगला होता.

ती 2019 च्या जानेवारीत झाली. माझ्या आईनं तिच्यासाठी कुंची शिवून ठेवली होती. ती पहिल्या महिन्यात बसली, दुसऱ्या महिन्यात बसेना. येणारेजाणारे म्हणत, डोकं मोठं म्हणजे पोरगी हुशार निघणार. साडेतीन महिन्यांच्या लसीला उपकेंद्रात नेलं, तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. टाळू फुगून घट्ट झाली होती आणि डोळ्यांची बुबुळं खाली वळल्यासारखी, वर पांढरं दिसत होतं. बाईंनी शिंप्याकडं असतो तसला टेप काढून डोक्याला लावला. 47 सेंटिमीटर भरलं. त्या वयाला साधारण चाळीसच्या आसपास असतं. "आजच नगरला जा," एवढंच त्या म्हणाल्या. डोळ्यांच्या त्या खुणेला डॉक्टर मावळता सूर्य म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं. वजन दर महिन्याला करतात ते चांगलंच आहे, पण डोक्याला टेप लावायला अर्धा मिनिट लागतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं डोकं महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतं, त्यापुढं ही वाढ कमी होत जाते. टेप घरातही असतो.

नगरहून पुण्याला गेलो. एमआरआय झाला आणि डॉक्टर म्हणाले, नळी घालावी लागेल. दुर्बिणीतून आत नवी वाट काढायचीही शस्त्रक्रिया असते, पण एवढ्या लहान वयात ती टिकण्याची खात्री कमी, म्हणून नळी. तिला शंट म्हणतात. एक टोक मेंदूच्या पोकळीत, मध्ये कानामागं कातडीखाली व्हॉल्व्ह, आणि मग कातडीखालूनच मान, छाती करत दुसरं टोक पोटात. पोटात पाणी आपोआप शोषलं जातं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं आणि मी म्हणालो, "म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह." ते हसले. म्हणाले, "तुम्हाला लवकर कळलं." ठरावीक दाबाला उघडायचं, एकाच दिशेनं सोडायचं, मागं येऊ द्यायचं नाही. आमच्या धंद्यात हेच असतं. फरक एवढाच, की हा लेकीच्या डोक्यात बसणार होता.

त्यानंतर विषय निघाला नळीच्या किमतीचा. आपल्या देशात बनलेली चार हजारांच्या आत आणि परदेशी चाळीस हजारांच्या वर, असं आम्हाला त्या वेळी सांगितलं गेलं. बापाला अशा वेळी काय वाटतं, ते बापालाच माहीत. स्वस्तातली घेतली तर लेकीवरचं प्रेम कमी होतं का? तिथल्या एका तरुण डॉक्टरनं मला बाजूला बसवून सांगितलं, की ही देशी नळी उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनते. आफ्रिकेतल्या युगांडा देशात बेंजामिन वॉर्फ नावाच्या अमेरिकन सर्जननी शंभर-शंभरच्या घरात मुलांना ही आणि महागडी अशा दोन्ही नळ्या घालून वर्षभर पाहिलं. 2005 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. दोन्हींत फरक आढळला नाही. आम्ही शहाजहानपूरची घेतली. उरलेल्या पैशांचा पुढं उपयोग झाला, तो सांगतोच.

या व्हॉल्व्हचा इतिहासही मी नंतर वाचून काढला, कारण तो माझ्यासारख्याच माणसांचा निघाला. फिलाडेल्फियाच्या भागात जॉन होल्टर नावाचा यंत्रकारागीर होता. 1955 साली त्याचा मुलगा मणक्याचा दोष आणि जलशीर्ष घेऊन जन्मला. तेव्हा चांगला व्हॉल्व्हच नव्हता. या माणसानं सर्जनला विचारून विचारून, घरी खटपट करून 1956 मध्ये सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बनवला. त्याचा मुलगा फार वर्षं जगला नाही, पण तो व्हॉल्व्ह जगभर गेला. दुसरी गोष्ट इंग्रजी लेखक रोआल्ड डाल यांची. 1960 मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या तान्ह्या मुलाच्या बाबागाडीला टॅक्सीनं धडक दिली आणि डोक्यात पाणी साठू लागलं. नळी पुन्हा पुन्हा तुंबायची. डाल यांनी स्टॅन्ली वेड या इंजिनिअरला गाठलं, जो खेळण्यातल्या विमानांचे छोटे पंप बनवायचा, आणि केनेथ टिल या मेंदूच्या सर्जनला. तिघांनी मिळून 1962 मध्ये कमी तुंबणारा व्हॉल्व्ह काढला आणि त्यावर नफा घेतला नाही. डाल यांच्या स्वतःच्या मुलाला तोवर त्याची गरज राहिली नव्हती, पण तो व्हॉल्व्ह हजारो दुसऱ्या मुलांना बसला. पंपवाल्याचा त्यात हात होता, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

ऑपरेशनच्या आधी मध्ये आठ दिवस होते. ते दिवस ऑपरेशनपेक्षा जड गेले.

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. घरात सकाळ-संध्याकाळ कौटुंबिक प्रार्थना असते. मंडळीत (आमच्यात चर्चच्या लोकांना मंडळी म्हणतात) बातमी पसरली तशी माणसं येऊ लागली. बहुतेकांनी डबे आणले, गाडीभाड्याला पैसे दिले, एका बचत गटानं व्याज न घेता दहा हजार दिले. पण काही बोललेही. हे कोणाच्या पापाचं फळ, घरात कोणाचं काही राहिलंय का, असं एका बाईनं माझ्या बायकोला तिच्या तोंडावर विचारलं. बायको बाळंतपणातून अजून सावरलेली नव्हती. माझी आई आतून आली. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाची गोष्ट आहे. शिष्य नेमकं हेच विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं, आणि येशू म्हणतो दोघांचंही नाही. आई म्हणाली, "बाई, तो नववा अध्याय घरी जाऊन वाचा, आणि मग या. चहा ठेवते तेव्हा."

याहून अवघड माझे थोरले चुलते होते. प्रेमाचा माणूस. त्यांनी आम्हाला तालुक्याच्या गावी एका मोठ्या मांडवात नेलं. बाहेरून प्रचारक आले होते. हजारभर माणसं असतील. प्रचारकांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्यानं प्रार्थना केली आणि सांगितलं, ऑपरेशन करू नका, नळी घालणं म्हणजे अविश्वास, चाळीस दिवस उपास करा. चुलत्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी गप्प होतो. बायकोनं विचारलं, "चाळीस दिवसांत डोकं किती सेंटिमीटर वाढेल, ते सांगा." त्यांनी पुढच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर भांडण झालं. चुलते म्हणाले, तुमचा विश्वास डॉक्टरवर आहे, देवावर नाही. रात्री पाळकसाहेबांना बोलावलं. ते फार बोलले नाहीत. लेकीला मांडीवर घेतलं, मान धरता येत नव्हती म्हणून डोक्याखाली दोन्ही हात लावून. मग चुलत्यांना म्हणाले, "लूक वैद्य होता. पौलानं त्याला प्रिय म्हटलंय, वैद्यकी सोड असं म्हटलेलं वाचनात नाही." चुलते उठून गेले. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे चारला तेच गाडी घेऊन दारात उभे होते. आजतागायत त्या विषयावर आमच्यात बोलणं झालेलं नाही, आणि होऊही नये असं मला वाटतं.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. दोन दिवसांत टाळू बसली. बायकोला तर ती आत गेल्यासारखी वाटली आणि ती घाबरली. डोळे जागेवर आले. लेक आमच्याकडं बघून हसली, ते तिचं पहिलं हसू. साक्ष द्यायला मंडळीत उभं राहा, असं सगळे म्हणाले. बायको उभी राहिली आणि तिनं सगळ्यांचे आभार मानले. पण बरी झाली, असं ती म्हणाली नाही. कारण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की नळी म्हणजे इलाज नाही, नळी म्हणजे सोय. अशा नळ्यांपैकी साधारण निम्म्या लहान मुलांमध्ये दोन वर्षांच्या आत बंद पडतात, नाहीतर त्यांत जंतू होतात. ज्याच्या लेकराला नळी आहे त्याच्यासाठी हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. बरी झाली असं एकदा मनात बसलं, की लक्ष उडतं.

आमच्या घरात लक्ष हाच मोठा उद्योग झाला. वेणी घालताना कानामागचा उंचवटा टाळायचा. वाटाण्याएवढा लागतो हाताला. ताप आला की साध्या सर्दीचा आहे का नळीचा, हा प्रश्न. दुसरं लेकरू उलटी करतं तेव्हा आई विचारते काय खाल्लं. आमच्याकडं आधी डोळे बघतात. बायको कितीतरी महिने रात्री दोनला उठून तिला हलवून बघायची, जागी होते का. आई प्रार्थनेत पूर्वी म्हणायची, लेकराला पूर्ण बरं कर. मग कधीतरी मी ऐकलं, ती म्हणत होती, आज नळी वाहती ठेव. उद्याचं उद्या मागायची.

जुलै 2020. लेक दीड वर्षाची. कोविडचे दिवस, चर्च बंद, जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागायचा. सकाळी दोन उलट्या झाल्या. दुपारी ती झोपली ती उठायलाच तयार नाही. चिमटा काढला तर कण्हायची. नगरला सीटी स्कॅन केला, पोकळ्या पुन्हा फुगल्या होत्या. अ‍ॅम्ब्युलन्स आणि पास यांची सोय शेजारच्या टेम्पोवाल्या मुस्लिम भावानं फोनवर फोन करून केली, आणि स्वतः मागं गाडी घेऊन पुण्यापर्यंत आला. पुण्यात एकालाच आत सोडत. बायको गेली. मी आणि तो भाऊ रात्रभर फाटकाबाहेर, मास्क लावून, दुकानं बंद, चहासुद्धा नाही. मंडळीतल्या लोकांनी फोनवर साखळी केली, प्रत्येक तासाला एक घर प्रार्थना करणार. पहाटे तीनला कोणाची पाळी होती मला आठवत नाही. पण ते घर जागं होतं, कारण त्यांनी मला फोन करून विचारलं, काही कळलं का?

वरचं टोक तुंबलं होतं. मेंदूच्या पोकळीतला मऊ भाग नळीच्या भोकांत शिरला होता. विहिरीत फूट व्हॉल्व्हच्या जाळीला शेवाळ, केरकचरा धरतो, मोटार चालू राहते आणि पाणी येत नाही, अगदी तसं. ते टोक बदललं. तिसऱ्या दिवशी लेकीनं बिस्किट मागितलं. पहिल्या वेळी वाचलेले पैसे या वेळी उपयोगी आले. महाग नळी घातली असती तर ती तुंबली नसती, असं नाही.

काहीजण विचारतात, मग बुद्धीवर परिणाम झाला का? झाला, आणि नाहीही झाला. मान तिनं आठव्या महिन्यात धरली, पंधराव्या महिन्यात बसली, अडीच वर्षांची होऊन चालली. डावा पाय जरा ओढते. व्यायाम शिकायला आम्ही दर आठवड्याला नगरला जायचो, नंतर ते घरीच करून घेऊ लागलो. बोलायला मात्र ती कोणाला हरणार नाही. संडे स्कूलची गाणी एकदा ऐकली की पाठ. आकड्यांशी भांडण आहे. सातानंतर नऊ येतात तिच्याकडं. अशी मुलं बोलण्यात पुढं आणि गणितात मागं बरीच असतात, असं डॉक्टर म्हणतात. नाताळच्या नाटिकेत ती देवदूत झाली होती. तयार मुकुट डोक्याला बसेना, तर संडे स्कूलच्या बाईंनी पुठ्ठ्याचा कापून, सोनेरी कागद लावून, मागं नाडी बांधायचा केला. आता तो सगळ्या देवदूतांना लागतो, नाडीमुळं कोणालाही बसतो.

शाळेचं मात्र सोपं गेलं नाही. एका खाजगी शाळेत सांगितलं, डोक्याला लागलं तर जबाबदारी आमची नाही, तुम्ही दुसरीकडं बघा. लेक समोर उभी होती आणि सगळं ऐकत होती. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत जलशीर्ष असं वेगळं नाव नाही. मूल चालण्यात किंवा शिकण्यात मागं असेल, तर त्या नावाखाली प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या आहेत, तिथं घाई करून चालत नाही. शेवटी आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तिला घातलं. तिथल्या बाईंनी एकच गोष्ट मागितली. "काय झालं तर काय करायचं, ते कागदावर लिहून द्या." तो कागद वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यावर लिहिलंय : डोकं दुखतं म्हणाली, विशेषतः सकाळी, किंवा उलट्या झाल्या, किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटली, चिडचिडी झाली, डोळ्यांनी दोन-दोन दिसतं म्हणाली, मानेवर किंवा छातीवर नळीच्या रेषेत सूज, लाली दिसली, झटका आला, तर थांबू नका, पालकांना फोन करा. खाली तीन नंबर. तिसरा त्या टेम्पोवाल्या भावाचा. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं लेकरू असेल तर हा कागद जरूर करा, आणि तो आजोळी, शेजारी, संडे स्कूलला, जिथं जिथं लेकरू तासभर राहतं तिथं द्या.

खेळू द्यायचं का, असंही विचारतात. द्यायचं. डोक्याला जोराचा मार लागेल असे खेळ टाळायचे, बाकी माती, पाणी, झोका, सगळं. माझी लेक दुकानात माझ्या शेजारी बसते आणि गिऱ्हाइकाला सांगते, माझ्यातपण व्हॉल्व्ह आहे, हात लावून बघा. खेड्यातली माणसं बिचकतात. एखादा लावतो.

पहिल्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी पोटात नळी मुद्दाम जास्त सोडली होती, वेटोळं करून. मूल उंच होतं तशी ती सुटत जाते. दरवर्षी पुण्याला एक्स-रे काढून ते वेटोळं किती उरलंय ते बघतात. आता सुटीत जायचंय. उंची यंदा बरीच वाढली, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. तिनं मला विचारलं, वेटोळं संपलं की मग काय? मी म्हटलं, लांब नळी घालतील. तिला ते पटलं. बोअर खोल गेला की आम्ही पाइप वाढवतो, ते तिनं पाहिलेलं आहे.